गळक्या स्लॅबवर पत्रा टाकायच्या ठरावावर सही करू का?

खाडीपलीकडची · ३ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. अध्यक्ष कशी झाले, तर पालकसभेत बाकीच्या आया खाली बघत होत्या आणि मी वर बघत होते. पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन, खोल्या दोन.

एक खोली जुनी. जांभ्याच्या चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं, आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीने श्रमदानाने उभी केलेली. दुसरी स्लॅबची, २०२३ ची. तुम्हाला वाटेल गळते ती जुनी. जुनीत एक थेंब नाही. नवीत पहिल्याच पावसात भिंतीला ओल धरली, दुसऱ्या पावसात पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायला लागलं, आणि यंदा २१ जुलैला फळ्याजवळच्या कोपऱ्यातला गिलावा परातीएवढा खाली आला. मधली सुट्टी होती म्हणून निभावलं. तिथे तिसरीतली एक मुलगी बसते. तिचं दप्तर जागेवरच होतं. तिच्या आईने ते दोनदा धुतलं, तरी आठवडाभर चेनच्या कप्प्यातून वाळू निघत होती.

चार दिवसांनी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या शाळेचं छत कोसळल्याची बातमी आली. सात मुलं गेली. वरून खडे पडतायत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, असंही बातमीत होतं. मला त्या रात्री घास गेला नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत आम्ही सगळी मुलं जुन्या खोलीत आणली. आता चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. गुरुजी एका भिंतीकडे मुलांची तोंडं करून शिकवतात, बाई दुसऱ्या भिंतीकडे.

आता मुद्द्यावर येते. अर्ज दिल्यावर तालुक्याहून साहेब आले. खालूनच मान वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘वर पत्र्याची शेड टाकून देऊ, निधी बसवतो, समितीचा ठराव तेवढा द्या.’ सरपंच खूश. ठेकेदार येऊन मापंसुद्धा घेऊन गेला. तो कोण, तर ज्याने स्लॅब टाकला तोच. ठरावाचा मसुदा तिकडूनच टाइप होऊन आलाय आणि त्यात लिहिलंय, ‘सदर खोलीचे छत जीर्ण झाल्याने...’. दोन वर्षांचं छत जीर्ण?

नवरा म्हणतो, मुलं कोरडी बसतील ना, मग कर सही आणि मोकळी हो. माझं मन घेत नाही. सही करू का? नाही केली तर हे कोणाच्या पदरात घालता येतं का? आणि पुढे कधी दुसरी खोली मंजूर झालीच, तर माझ्यासारख्या बारावी पास बाईने तिथे उभं राहून नेमकं बघायचं काय?

एक राहिलं. जुनी खोली का गळत नाही ते मला ठाऊक आहे. वाडीतले एक आजोबा दर वर्षी मृगाच्या आधी कौलं परतायला चढायचे. उतरले की किती कौलं आणि किती कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, बदलली ते आतल्या भिंतीवर, कपाटामागे, कोळशाने लिहून ठेवायचे: ‘१९८७ कौले ४२ कोने ३’. अशा ओळी थेट २०११ पर्यंत आहेत. आजोबा गेले. आता त्यांचा मुलगा चढतो. तो लिहीत नाही, पण चढतो.

---

निवृत्त शाखा अभियंता · ३ ऑगस्ट २०२५

ताई, त्या मसुद्यावर सही करू नका.

मुलांना हलवलंत ते उत्तम केलंत, फक्त ते तोंडी ठेवू नका. मुख्याध्यापकांच्या पत्राने, जावक क्रमांक घालून, गटशिक्षणाधिकारी आणि बांधकाम उपविभाग दोघांनाही कळवा की अमुक तारखेपासून ही खोली वापरात नाही. त्या पत्राची पोच घ्या.

या खात्यात ३१ वर्षं काढली, त्यामुळे ‘जीर्ण’ हा शब्द कुठून आला ते मला लगेच दिसलं. प्रत्येक कामाच्या करारात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत गळती, तडे, गिलावा पडणं असं काही निघालं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, आणि नाही केलं तर त्याच्या अनामतीतून करून घ्यायचं. छत जीर्ण म्हटलं की दोष काळाचा ठरतो, आणि काळाची अनामत आपल्याकडे नसते. त्यात वर पत्र्याची शेड म्हणजे नवीन अंदाजपत्रक, नवीन मोजमाप पुस्तिका, नवीन बिल. जुनी फाइल त्या पत्र्याखाली गाडली जाते. मुदत संपताना कोणीतरी ‘काम सुस्थितीत आहे’ असा शेरा मारतो आणि अनामत सुटते.

तो शेरा मारताना छतावर कोण चढतं? खरं सांगतो, मी दिलेल्या अशा दाखल्यांतले निम्म्याहून जास्त खालून बघून दिलेत. शाळेत शिडी नसायची, हे मी सांगायचो ते कारण. शिडी मी कधी मागितलीच नाही, हे खरं. तुमच्या आजोबांची कोळशाची ओळ आमच्या दाखल्यापेक्षा वजनदार आहे, कारण तिच्यामागे माणूस वर जाऊन आलेला आहे.

उद्याच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मागा: करारनामा, कार्यारंभ आदेश, पूर्णत्वाचा दाखला, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि काँक्रीटच्या क्यूबचा (स्लॅबच्याच मालाचा नमुना ठोकळा भरून त्याची ताकद तपासतात, त्याचा) २८ दिवसांचा अहवाल. ‘खोलीबाबतची सर्व माहिती’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघम येईल. या कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे. तिच्यात कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. फारच थोडे लोक ते वापरतात.

तोवर एक काम करा. पावसाची उघडीप बघून दोघांनी शिडी लावा. स्लॅबवर पाय ठेवायचा नाही, गिलावा पडलाय म्हणजे आत काय झालंय ते माहीत नाही. शिडीवरूनच मोबाइलने फोटो काढा. पाणी कुठे साचलंय? पावसाळी पाइपाचं तोंड कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थराच्या, बरोबरीने आहे की वर राहिलंय? कठड्याच्या बुडाला गोलाई दिलीय का, की काटकोन तसाच सोडलाय? कुठे पिंपळ उगवलाय? डिश, टाकी, सोलर यांसाठी कोणी भोकं पाडलीत का? गळतीच्या बहुतेक फाइलींचं उत्तर मला या चार-पाच जागांवर मिळालंय. फट काँक्रीटमध्ये शोधायला जायचं ते शेवटी.

आणि मला सांगा, स्लॅब कुठल्या महिन्यात टाकला होता?

पुढच्या खोलीचं म्हणाल तर तुम्हाला एकच दिवस पूर्ण उभं राहायचंय, स्लॅब टाकायचा दिवस. खोली २० बाय २५ फूट आणि स्लॅब ५ इंची धरला तर, बीम सोडून, सहा घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं. एम-२० ला, म्हणजे काँक्रीटच्या नेहमीच्या प्रतीला, घनमीटरमागे साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे ४७-४८ गोण्या झाल्या. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजा, त्या खोटं बोलत नाहीत. दुसरं म्हणजे पाणी. भारतीय मानकाच्या ठरावीक प्रमाणातल्या एम-२० साठी ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. १५ लिटरच्या बादलीने बरोबर दोन. ओली वाळू असेल तर त्याहून कमी. कामगार तिसरी ओततात, कारण पातळ माल पसरायला सोपा. त्या तिसऱ्या बादलीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक भोकं ठेवतं. तिसरं, सळयांखाली सिमेंटचे ठोकळे हवेत. खडीचे तुकडे सारून भागवतात. मग सळई फळीला टेकते, तिच्याखाली काँक्रीटचं पांघरूण राहत नाही आणि ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि खालचा थर ढकलून देतो. त्या मुलीच्या दप्तरात आलं ते बहुधा हेच. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात तर हे अंतर नेहमीपेक्षा जास्तच ठेवायला हवं.

---

दोनशिक्षकी · ४ ऑगस्ट २०२५

काका, तुमचं सगळं पटलं. पण ‘समितीने उभं राहून मोजायचं’ म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मी मराठवाड्यात मुख्याध्यापक आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात खोल्यांचं बांधकाम गावच्या समितीच्याच गळ्यात होतं. पैसे समितीच्या खात्यावर, धनादेशावर मुख्याध्यापक आणि अध्यक्षाची सही. गवंडी अर्ध्यावर पळाला, सिमेंट महागलं, खोली लिंटेलपर्यंत येऊन थांबली आणि वसुलीची नोटीस आली ती मुख्याध्यापकाला. माझ्या आधीच्या गुरुजींची पेन्शनची फाइल त्या एका खोलीपायी अडली होती. मूल्यांकन ज्यांनी केलं ते तोवर दोन जिल्हे फिरून आले होते.

म्हणून ताई, बघा जरूर, पण ‘आमच्या देखरेखीखाली काम समाधानकारक झाले’ अशा कागदावर सही देऊ नका. दिसलं तेवढंच लिहा: इतक्या गोण्या, इतक्या बादल्या, अमुक वाजता सुरू, अमुक वाजता बंद. ‘समाधानकारक’ हा शब्द अभियंत्याचा, पगार त्याला त्या शब्दाचा मिळतो.

आणि कौलं परतणाऱ्या आजोबांचं वाचून बरं वाटलं, पण आज त्यांना मजुरी कुठून द्यायची? पट ३० च्या आत असला तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १० हजार. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता, नळाची तोटी. छताच्या नावाचा वेगळा रुपया नाही. नवी खोली मंजूर होते, कारण तिला फीत आणि कोनशिला असते. पाइपातला पालापाचोळा काढायला कोनशिला लावता येत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीला शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. पुढे आमच्याकडच्याही एका खोलीचं निर्लेखन झालं. निर्लेखन म्हणजे खोली कागदावरून गेली. जमिनीवर ती अजून आहे. पाडायचा खर्च कोणाच्या लेखाशीर्षात बसत नाही, आणि मुलं तिच्याच सावलीत डबा खातात. मी रोज हाकलतो, ती रोज बसतात. ऊन तसं आहे आमच्याकडे.

---

पत्रेवाला, चिपळूण · ४ ऑगस्ट २०२५

मी शेडची कामं करतो, म्हणजे ताईंनी सही केली तर माझ्यासारख्याच कोणाचं तरी पोट भरणार. तरी सांगतो, नका करू.

गळक्या स्लॅबवर शेड टाकायची म्हणजे खांबांच्या पट्ट्या बोल्टने त्याच स्लॅबला पकडायच्या. आधीच आजारी, त्यात आठ-दहा भोकं. वरचं पाणी थांबेल, पण आत गंजायला लागलेली सळई थांबत नाही. दोन वर्षांनी गिलावा पुन्हा पडेल आणि तेव्हा दाद मागायला मुदत उरलेली नसेल. वारा हाही प्रश्न आहेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीकडे शाळांचे पत्रे आंब्याच्या बागांत जाऊन पडले होते. मी स्वतः गोळा केलेत. हुक नुसते वाकवलेले, नट नाही की वॉशर नाही.

कधी टाकायचाच झाला तर पत्रा वजनावर घ्या. अंदाजपत्रकात ०.५० मिलिमीटर असतो, येतो ०.३५ चा. रंग एकच, डोळ्याला कळत नाही. ४ फुटी गुंडाळीतून काढलेला १० फुटी लोखंडी पत्रा ०.५० चा असेल तर साडेचौदा किलोच्या आसपास भरतो, ०.३५ चा जेमतेम दहा किलो. रेशन दुकानातला काटा आणा आणि ठेकेदारासमोरच ठेवा. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेत की खोलगटात, तेही बघा. खोलगटात मारला म्हणजे पाण्याच्या वाटेतच भोक.

ठेकेदाराची बाजूपण ऐका जरा. काम अंदाजपत्रकापेक्षा १८-२० टक्के खाली भरून घेतात. मग आणखी कोणाकोणाचं बघावं लागतं, ते इथे लिहीत नाही. एवढं झाल्यावर तिसरी बादली पाणी ओतण्याशिवाय त्याच्या हातात राहतं काय? चूक आहेच, पण ती स्लॅबच्या दिवशी सुरू होत नाही, निविदा उघडतात त्या दिवशी सुरू होते.

---

निवृत्त शाखा अभियंता · ४ ऑगस्ट २०२५

पत्रेवाल्या भाऊंशी मी वाद घालणार नाही. गुरुजींचा ‘समाधानकारक’चा मुद्दा एकदम बरोबर, माझ्या लक्षातून सुटला होता.

ताई, स्लॅबचा महिना तेवढा सांगा.

---

खाडीपलीकडची · २१ सप्टेंबर २०२५

उशीर झाला, माफ करा. गणपती, मग भात, मग सासूबाईंचा डोळा.

काका, महिना मे. आणि तो मी कसा सिद्ध केला ते सांगायलाच आलेय.

माहिती अधिकाराचं उत्तर २ सप्टेंबरला आलं. कागदोपत्री खोली पूर्ण झाली ३१ मार्च २०२३ ला. क्यूबचा अहवालपण आहे, त्यात क्यूब भरल्याची तारीख फेब्रुवारीतली. पण मला पक्कं आठवत होतं की माझ्या चुलत नणंदेच्या हळदीला शाळेसमोर सगळ्या बल्ल्या उभ्या होत्या. गणपतीला मुंबईची मंडळी आली तेव्हा सगळ्यांचे मोबाइल पालथे घातले. सापडला फोटो. ११ मे २०२३. पुढे आम्ही सहा बायका हळदीने माखलेल्या, आणि मागे शाळेची भिंत, वर नुसत्या फळ्या आणि खाली बल्ल्या. स्लॅब अजून पडलेलाच नाही. आमच्या स्लॅबचे क्यूब स्लॅबाच्या आधी तीन महिने जन्माला आलेत.

आणि मे महिना म्हणजे आमच्या वाडीची विहीर तळाला गेलेली. तेव्हा टँकर दोन दिवसांआड येत होता. माणशी चार हंडे. नवा स्लॅब पक्का व्हायला त्यावर आळं करून पाणी साठवावं लागतं, ते कोण देणार होतं? मला आठवतं, ठेकेदाराचा माणूस सकाळी एकदा पाइप फिरवून जायचा, तोही तीन-चार दिवस. आम्ही तेव्हा उलट त्यालाच बोलायचो, प्यायला नाही आणि तू सिमेंटवर काय ओततोस. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण झालं तसं सांगितलं.

शिडी लावली. पुतण्या चढला, मी खाली धरून. दोन पाइप आहेत. एकाच्या तोंडात बांधकामाच्या वेळचाच सिमेंटचा गोळा बसलाय, दगड झालाय त्याचा. दुसऱ्याचं तोंड कोब्यापेक्षा दोन बोटं वर. म्हणजे दोन बोटं पाणी भरल्याशिवाय थेंब बाहेर जात नाही. टेप लावून फोटो घेतलाय. पावसाळाभर तळं होतं वर, आणि त्याच्या खाली आम्ही पाढे म्हणत होतो.

आमचा ठराव आम्हीच लिहिला. ‘जीर्ण’ काढला. दोष दायित्व कालावधी करारात ३ वर्षांचा आहे, त्यांच्याच तारखेने मोजला तरी ३१ मार्च २०२६ पर्यंत चालतो. खोटी तारीख टाकून त्यांनी आमचे दीड-दोन महिने खाल्लेत, ते वेगळं. ठरावात मागितलं: दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, सळयांची तपासणी करून लेखी अहवाल, आणि अनामत सोडण्याआधी समितीला सोबत घेऊन छतावर चढून पाहणी. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे ‘समाधानकारक’ कुठे येऊ दिलं नाही. सरपंच थोडे नाराज आहेत. हळदीच्या फोटोची प्रत त्यांना दाखवली तर म्हणाले, ‘वहिनी, ह्या कशाला आता उकरून काढताव?’ फोटो तरी ठरावाला जोडला. नणंद म्हणते, निदान माझा चेहरा बरा आलाय तो तरी जोडायचास.

१८ तारखेला वेगळे साहेब आले, तरुण आहेत. शिडी आम्ही आधीच लावून ठेवली होती, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. चढले. कठड्याशी बसून पाइपाच्या तोंडात बोट घालून बघितलं, बराच वेळ बघत राहिले. खाली उतरून म्हणाले, पाऊस उघडला की कोबा उखडून नव्याने ढाळ द्यायला लावतो, सळयांची तपासणी दिवाळीआधी करू. बघू. मुलं अजून जुन्या खोलीतच आहेत.

आम्ही शाळेत एक वही केलीय, नुसती छताची. तिची पहिली दोन पानं भिंतीवरच्या कोळशाच्या ओळी उतरवून भरली, तिसरीतल्या त्या मुलीच्या अक्षरात. साहेबांना म्हटलं, वर काय दिसलं ते तुम्हीच लिहा. त्यांनी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि गाडीकडे निघाले. बघते तर तारीख नाही. पोराला वही घेऊन मागे पळवलं. गाडी वळणावर थांबवून त्यांनी बॉनेटवर वही ठेवली आणि तारीख घातली.